आवाज बसलाय, डॉक्टर म्हणतात बोलू नका. द्विशिक्षकी शाळेत रजा कशी टाकू?

माणदेशी बाई (जि. प. प्राथमिक शिक्षिका, सातारा)

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, आणि सर तालुक्याला मिटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे.

दिवाळीनंतर माझा आवाज बसला तो सुटलाच नाही. सकाळी परिपाठाला प्रतिज्ञा होईपर्यंत बरा असतो, मधल्या सुट्टीनंतर घशातून नुसती हवा येते. मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. शेवटी साताऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, स्वरतंतूंवर सूज आहे, गाठी धरायला लागल्यात. औषधापेक्षा विश्रांतीनं काम होईल. आठ-दहा दिवस अजिबात बोलायचं नाही, पुढे महिना-दीड महिना बेतानं. मी विचारलं, वर्गात जाऊन नुसती बसले, बोललेच नाही, तर चालेल का? ते म्हणाले, पहिलीच्या वर्गात न बोलता बसता येतं का, हे बाई तुम्हीच मला सांगा.

रजा खात्यावर आहे. पण मी गेले की सर एकटे पडतात. त्यांच्याकडे तिसरी-चौथी, मुख्याध्यापकाचा पदभार, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम आणि बँकेचे हेलपाटे. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात साठपर्यंत पटाला शिक्षक दोन, त्यामुळे आमच्याकडे तिसरा माणूस येणार कुठून? सर बिचारे म्हणाले, जा तुम्ही, मी बघतो. ते कसं बघणार हे मला माहीत आहे म्हणून पाय निघत नाही.

आमचा दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे विश्रांतीचं मी एवढं का घेऊन बसलेय ते कळेल. शाळा भरायच्या आधी स्वयंपाकीण मावशींना तांदूळ-डाळ मोजून द्यायची, साठा रजिस्टरला चढवायचा. मधल्या सुट्टीत खिचडी आधी आपण चाखायची, चव नोंदवहीत सही करायची, मुलांचे हात धुवून घ्यायचे, पंगत बसवायची, वाढून होईपर्यंत उभं राहायचं. मग किती मुलं जेवली ते मोबाईलवर भरायचं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथं उन्हात हात वर करून उभं राहायचं आणि ते चक्र फिरताना बघत बसायचं. आकडा एकदाचा गेला की घंटा होते. माझा डबा मी दुसरीला बेरजा घालून वर्गातच उघडते, आणि दोन घास होत नाहीत तोवर पहिलीतल्या कोणाची तरी पेन्सिल मोडलेली असते. मुलांचा काहीच दोष नाही. सहा वर्षांच्या लेकरानं बाईंकडे नाही तर कोणाकडे जायचं?

त्यात व्हॉट्सॲपचा गट. "तात्काळ. आज सायं. ५ पर्यंत लिंक भरावी. माहिती नसल्यास निरंक कळवावे." हे रात्री नऊलाही येतं, रविवारीही येतं. निरंक कळवायलासुद्धा टाकीपाशी जावं लागतं.

यंदा दिवाळीची सुट्टी टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पुस्तकांत गेली. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. मी डीएड करून लागले तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती. फराळाचं सगळं सासूबाईंवर टाकून मी बालमानसशास्त्र वाचत बसले. २३ नोव्हेंबरला पेपर झाला आणि लगेच नगरपालिकेच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश हातात पडला.

आता मला सगळ्यात जास्त काय लागतंय ते सांगते. पहिलीला नुकतं वाचन सुटायला लागलंय. काना, वेलांटी जमली, उकारावर आलीत. एकदा ही गाडी सुटली की पोरं बिस्किटाच्या पुड्यावरचं, एसटीवरचं, दिसेल ते वाचत सुटतात. हे महिने फार नाजूक असतात. आणि परवा दुपारी माझा आवाज पूर्ण गेला. तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. वर्ग एकदम गप्प झाला. मग चौथीतली एक मुलगी आपणहून उठून आमच्या खोलीत आली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि दुसरीला शुद्धलेखन घालायला लागली. अगदी माझ्यासारखं, प्रत्येक शब्द दोनदा, दुसऱ्यांदा जरा सावकाश. मागं बसणाऱ्याला ऐकू आलं का म्हणून मान उंचावून बघायची तीही माझीच लकब. मुलं मान खाली घालून लिहीत होती. मला कौतुकही वाटलं आणि पोटात कालवलंही. तिची स्वतःची चौथी चाललीय. माझा घसा सांभाळणं हे तिचं काम नाही.

तर तीन गोष्टी विचारायच्यात. वैद्यकीय कारणासाठी कोणती रजा टाकावी, म्हणजे पगार कापला जाणार नाही? शाळेला त्या दिवसांसाठी कोणी मिळू शकतं का? आणि ज्यांना असा त्रास झालाय त्यांनी परत आल्यावर काय बदल केले? कारण दहा दिवस गप्प बसून परत त्याच दिवसात शिरले तर महिन्याभरात पुन्हा साताऱ्याची वारी ठरलेली.

---

निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज

बाई, आधी रजा. बाकीचं नंतर बोलू. मी उभी हयात प्राथमिक शाळेत काढली आणि माझ्याबरोबरचे दोन चांगले शिक्षक आवाज घालवून बसलेले पाहिलेत. त्यातल्या एका सरांची कविता ऐकायला शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत यायची. शेवटची काही वर्षं ते फळ्यावर लिहून शिकवत होते.

आता कामाचं. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. आपला विभाग दीर्घ सुट्टीचा, म्हणून इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा आपल्याला साठत नाही. पण अर्धपगारी रजा सेवेच्या वर्षाला २० दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तीच परिवर्तित करून घेता येते. पगार पूर्ण मिळतो, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे दहा दिवसांची परिवर्तित रजा घेतली तर अर्धपगारीतले वीस जातील. इतक्या वर्षांच्या सेवेत तुमच्या खात्यावर ती चांगली साठलेली असणार. सेवापुस्तिकेतला रजेचा हिशोब एकदा डोळ्यांनी बघून घ्या, नोंदी राहून गेलेल्या असतात.

अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे करा. प्रमाणपत्रावर "आवाजास पूर्ण विश्रांती आवश्यक" हे शब्द आणि तारखा डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "आजारी" लिहिलं की कारकून प्रश्न काढत बसतो. हजर होताना फिटनेस प्रमाणपत्र लागेल, ते त्याच डॉक्टरांकडून घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

शाळेला माणूस मिळण्याचं म्हणाल तर त्याच अर्जासोबत सरांचं एक वेगळं पत्र जाऊ द्या: शाळा द्विशिक्षकी आहे, शिक्षिका वैद्यकीय रजेवर जात आहेत, केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, जास्त पटाच्या शाळेतून एक शिक्षक तात्पुरत्या कामगिरीवर द्यावा. केंद्रप्रमुखांना फोन करा, पण कागद आधी. फोनवर सगळे "बघू" म्हणतात, कागद आला की बघावं लागतं. पूर्ण दिवस नाही मिळाला तर निदान दुपारचं सत्र मागा.

आणखी एक, हे सगळ्याच शिक्षकांसाठी लिहितो. सुट्टीत सरकारी कामाला लावलं तर ती सुट्टी बुडीत धरू नका. जितके दिवस सुट्टी भोगता आली नाही, त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. हिशोब सोपा आहे: बुडालेले दिवस गुणिले ३०, भागिले सुट्टीचे एकूण दिवस. समजा सुट्टी ४० दिवसांची आणि काम १२ दिवस लागलं, तर ९ दिवस तुमच्या खात्यावर यायला हवेत. २०२४ ला आपल्याकडे लोकसभेचं मतदान ७ मे ला झालं, सुट्टी लागलेली होती. किती जणांनी ही नोंद करून घेतली? येत्या उन्हाळ्याचंही तेच. जनगणनेच्या घरयादीचा टप्पा देशभरात एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये व्हायचा आहे, प्रगणक म्हणून शिक्षकच जातील. नेमणुकीचा आदेश, हजर झाल्याची तारीख आणि कार्यमुक्तीची तारीख हे तिन्ही कागद फाईलला लावा आणि जूनमध्ये शाळा उघडली की अर्ज द्या. शिक्षक हे मागायला लाजतात. लाजायचं काही कारण नाही, नियमात आहे.

---

स्पीच थेरपिस्ट, पुणे

ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य सांगितलंय. मी आवाजाच्या रुग्णांबरोबर काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षिका फार असतात. त्याचं शरीरातलं कारण समजून घ्या, म्हणजे विश्रांती घेताना मन खाणार नाही.

आपण बोलतो तेव्हा दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटत असतात. बाईच्या आवाजात साधारण सेकंदाला २०० वेळा, पुरुषाच्या आवाजात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे तितकाच वेळ बोललं तरी बाईच्या स्वरतंतूंना मार जास्त बसतो. त्यात पत्र्याच्या छताची खोली, शेजारच्या वर्गाचे पाढे आणि त्यावरून मोठ्यानं बोलायचं. सूज येते. सुजेवर तेच काम चालू ठेवलं की दोन्ही बाजूंना समोरासमोर घट्टे पडतात, त्याच या गाठी. चांगली गोष्ट ही की सुरुवातीच्या मऊ गाठी विश्रांतीनं आणि बोलण्याची पद्धत बदलून बऱ्याचदा विरतात. जुन्या, कडक झालेल्या गाठींचं काम अवघड असतं. म्हणून आत्ताचे हे दहा दिवस मोलाचे आहेत.

विश्रांती म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण लोक इथं चुकतात. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. उलट कुजबुजताना गळ्याचे स्नायू आवळले जातात आणि ताण वाढतो. सारखं खाकरून घसा साफ करणं तर सगळ्यात वाईट. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा. पाणी दिवसभर थोडं थोडं हवं. शिक्षिका पाणी पीत नाहीत, आणि का पीत नाहीत तेही मला माहीत आहे: शाळेतलं स्वच्छतागृह, आणि वर्ग सोडून जायचं कसं हा प्रश्न. हे कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण बसलेल्या आवाजामागे हे कारण हमखास सापडतं. वाफ घ्या, साध्या पाण्याची. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होत असाल तर ते थांबवा, पोटातलं आम्ल वर येऊनही स्वरतंतू सुजतात. आणि रात्रीची झोप मोडू देऊ नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, लिंक सकाळी भरता येते.

परत गेल्यावर कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माइक मिळतो, तो जरूर घ्या. गाईड लोक वापरतात तसा. आवाज चढवायची गरजच पडत नाही.

इथं वाचणाऱ्या बाकीच्या शिक्षकांनाही सांगते: आवाज तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर घरगुती उपाय थांबवून स्वरतंतू तपासून घ्या.

---

डोंबिवली, आठवी ते दहावी गणित

वरचं सगळं वाचलं. बाई, तुम्हाला निदान रजेचे नियम आहेत हे वाचून बरं वाटलं. मी विनाअनुदानित शाळेत आहे. कोणत्या ते लिहीत नाही. आमच्याकडे आजारपणाचे दोन दिवस झाले की तिसऱ्यापासून पगार जातो. वेळापत्रकात रोज एक ऑफ तास आहे, पण तो कागदावर. रोज कोणीतरी गैरहजर असतं आणि सकाळी फळ्यावर प्रॉक्सीची, म्हणजे कोणाचा तास कोणी घ्यायचा याची, यादी लागते. ऑफ तासाला वह्या तपासायच्या असतात, त्या मग लोकलमध्ये मांडीवर येतात. सकाळच्या गर्दीत ते जमत नाही, परतीच्या गाडीत खिडकी मिळाली तर जमतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितलेत आणि ते तयारीचे तास धरून. तयारी हा कामाचाच भाग आहे असं कायदा म्हणतो. ती रात्री घरी, स्वयंपाक उरकल्यावर करायची गोष्ट आहे असं त्यात कुठे लिहिलंय? मी हे आमच्या मिटिंगमध्ये मांडलं. फार काही झालं नाही. पण एक झालं. आम्ही सात-आठ जणींनी मिळून ठरवलं की शुक्रवारचा ऑफ तास कोणी कोणाचा घेऊ द्यायचा नाही. त्या दिवशी प्रॉक्सी आली तर दोन वर्ग एकत्र बसवून एकीनं घ्यायचे, पण बाकीच्यांचा तास शाबूत ठेवायचा. स्टाफरूमचं दार लोटून घ्यायचं. पहिल्या शुक्रवारी आम्ही नुसत्या बसून होतो, कोणी काही बोललंच नाही. त्यानंतरचा नववीचा तास मी ज्या उत्साहानं घेतला तसा जूनपासून घेतला नव्हता. वर्तुळाचं प्रमेय होतं, मुलांनी आणखी एक रीत काढून दाखवली आणि मला ती बघायला धीर होता. एरवी मी "पुस्तकातली रीत लिहा" म्हणून पुढे गेले असते.

---

बागाईतदार, पंढरपूर तालुका

राग मानू नका. मी शेतकरी आहे, मुलगी जि. प. शाळेत तिसरीला आहे. शिक्षकांना मे महिना सुट्टी, दिवाळी सुट्टी, सण सुट्टी. आमच्या गाई-म्हशींना सुट्टी नसते. मग रजा कमी पडते कशी, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज

प्रश्न रास्त आहे, भाऊ. माझेही वडील शेतीच करायचे.

शाळेला रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या देता येतात. उन्हाळी, दिवाळी आणि सगळे सणवार त्यातच. पहिली ते पाचवीला कामाचे २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस भरावेच लागतात. या सुट्ट्या मुळात मुलांसाठी ठेवलेल्या आहेत, उन्हासाठी आणि त्यांच्या वाढीसाठी. शिक्षकाला त्या आपसूक मिळतात, आणि त्या बदल्यात त्याची अर्जित रजा नियमानं काढून घेतलेली आहे. वर निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम कायद्यानंच शिक्षकाकडे येतं, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये ही तिन्ही नावं आहेत. ती करायलाच हवीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. राज्य सरकारनंही ऑगस्ट २०२४ मध्ये शासन निर्णय काढून शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची वर्गवारी केली. तरी सुट्टी संपून शिक्षक शाळेत येतो तेव्हा तो विसावलेला असतोच असं नाही.

पण खरं सांगायचं तर मे महिन्यातली झोप डिसेंबरला पुरत नाही. तुम्ही बैलाला दुपारी सोडता ना? पेरणी कितीही घाईची असली तरी सावलीत बांधून वैरण-पाणी दाखवता. वर्षाअखेरी एकदम महिनाभर सोडू, आज दिवसभर चालू दे, असं तुम्ही कधीच करत नाही. बाईंना मधल्या सुट्टीत अर्धा तास डबा खायला मिळत नाही, मुद्दा तेवढाच आहे.

माझ्या शाळेत मी एक गोष्ट शेवटपर्यंत पाळली. पंगतीला सगळे शिक्षक कधीच उभे केले नाहीत. पाळी लावली. ज्याची पाळी नाही त्यानं डबा घेऊन बाहेर चिंचेखाली जायचं, आणि त्याला मुलांनी हाक मारायची नाही. मुलं हे पटकन शिकतात. एकदा तर पहिलीतला एक मुलगा रडत रडत चिंचेकडे निघाला होता, त्याला दुसरीतल्यानं अडवलं आणि "सर जेवत्यात" म्हणून माझ्याकडे आणलं. साहेब तपासणीला आले की विचारायचे, अमुक शिक्षक कुठे आहेत? मी सांगायचो, जेवतायत. यापलीकडे खुलासा दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

माणदेशी बाई, दोघांच्या शाळेतही हे होतं. एक दिवस पंगत तुमची, एक दिवस सरांची. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला वाढताना उभं राहायला सांगा. आया आनंदानं येतात, पोषण आहाराकडे त्यांचंही लक्ष राहतं.

---

बागाईतदार, पंढरपूर तालुका

पटलं. आमच्या शाळेतही दोनच गुरुजी आहेत. मी समितीत आहे. उद्या विचारतो.

---

सातपुड्यातला मास्तर, नंदुरबार

ताई, परत आल्यावर काय बदलायचं त्याबद्दल माझा अनुभव. आमच्याकडे मुलं घरी पावरी बोलतात, मी मराठी बोलणारा, त्यामुळे सुरुवातीला मी सगळं ओरडूनच शिकवायचो. मोठ्यानं बोललं की समजेल असं वाटायचं. घसा गेला तेव्हा नाइलाजानं खुणांवर आलो आणि वर्ग सुधारला.

टाळीच्या तालावर गप्प होणं मुलं दोन दिवसांत शिकतात. मी टाळी वाजवतो, ती तोच ताल परत देतात, तेवढ्यात शांतता होते. सूचना बोलायच्याच नाहीत, चित्रकार्ड दाखवायचं: वही काढा, जोडीत बसा, बाहेर रांग. गणिताला काड्यांचे दशकाचे गठ्ठे प्रत्येक गटात देऊन ठेवायचे, चौदा अधिक नऊ हे फळ्यावर लिहायचं आणि आपण फिरायचं. गठ्ठा बांधायचा की सोडायचा यावर मुलांचं आपसात जे भांडण होतं, तेच खरं शिकणं असतं.

आणि दुपारच्या सुट्टीनंतरची पहिली वीस मिनिटं मूक वाचन. मुलं पुस्तक घेऊन बसतात, पहिलीतली चित्रं बघतात, आणि मीही पुस्तक घेऊन बसतो. खरोखर वाचतो, त्या वेळात रजिस्टर ओढत नाही. मुलांना आपला गुरुजी वाचताना दिसतो. त्या वीस मिनिटांत माझा घसाही बसून घेतो आणि डोकंही.

चौथीतल्या त्या मुलीबद्दल तुम्ही मनाला लावून घेऊ नका एवढंच सांगेन. तिनं शुद्धलेखन घातलं म्हणजे तिची चौथी बुडाली असं नाही. रोज घालायला लावलं तर बुडेल.

---

माणदेशी बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, रेंजचं तुम्हाला ठाऊक आहे.

अर्ज दिला. परिवर्तित रजा, गडहिंग्लजचे सर म्हणाले तसं प्रमाणपत्र नीट लिहून घेतलं. सेवापुस्तिका बघायला मागितली तेव्हा कारकुनांनी जरा कुरकूर केली, पण अर्धपगारी भरपूर शिल्लक निघाली आणि दोन निवडणुकांच्या नोंदी खरंच नव्हत्या. त्याचा वेगळा अर्ज करतेय. आदेश सापडलेत, कार्यमुक्तीचा एक कागद शोधायचाय.

केंद्रप्रमुखांनी शेजारच्या गावच्या शाळेतल्या एका बाईंना दुपारच्या सत्रासाठी कामगिरीवर दिलंय. त्या तरुण आहेत, आणि त्यांनी स्वतःहून फोन करून विचारलं की पहिली कुठपर्यंत आलीय. बोलायची बंदी, म्हणून मी त्यांना चार पानं लिहून पाठवली. कोण उकारावर अडतंय, कोणाला ब आणि व वेगळा दिसत नाही, कोणाला पुढच्या रांगेत बसवायचं, आणि एक मुलगा आईची आठवण आली की दाराशी जाऊन उभा राहतो, त्याला हाक मारायची नाही, थोड्या वेळानं तो आपोआप आत येतो. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मुलांविषयी इतका सलग, स्वस्थ विचार मी जूनपासून केलेला नाही. रोज त्यांच्यात असते, पण विचार करायला डोकं मोकळं असावं लागतं ना.

पंगतीच्या पाळीचं सरांना सांगितलं. ते म्हणाले, मग सोमवार-बुधवार-शुक्रवार तुमचा डबा झाडाखाली. आमच्याकडे चिंच नाही, कडुलिंब आहे. चालेल. डोंबिवलीच्या ताई, तुमचा शुक्रवार असाच राहू दे. सातपुड्यातले सर, चित्रकार्डं मी घरी बसून तयार करायला घेतलीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर.

थेरपिस्ट ताई, तुम्हाला एक विचारायचंय. घरी माझी मुलगी पाचवीला आहे, तिला रात्री गोष्ट लागते. कुजबुजायचं नाही हे कळलं. पण अगदी हलक्या, साध्या आवाजात पाच मिनिटं वाचलं तर? आणि फोनवर दोन वाक्यं?

---

स्पीच थेरपिस्ट, पुणे

पहिले आठ-दहा दिवस गोष्टही नको आणि फोनही नको. फोनवर माणूस नकळत आवाज चढवतो, त्यात तुमच्याकडे रेंज नाही म्हणजे ओरडणंच आलं. गोष्ट या दिवसांत मुलीनं वाचावी आणि तुम्ही ऐकावी, पाचवीतल्या मुलीला ते सहज जमेल. त्यानंतर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. सूज उतरली असेल तर दिवसाला पाच मिनिटांपासून सुरुवात करायची, तीही संध्याकाळी नको, सकाळी. शाळेत हजर व्हायच्या आधी मला इथं निरोप टाका. वर्गात वापरायचे आवाजाचे दोन-तीन सोपे व्यायाम लिहून देते. आणि माइक मागवला नसेल तर आजच मागवा, वस्तीवर पोचायला वेळ लागेल.